गवती रंगाचे आकडे

कुरिअरवाला तीनदा बेल वाजवून परत गेला
तेव्हा दादा दारापासून चार फुटांवर
पेपर वाचत बसले होते.
सातपूरच्या हॅमरशॉपनं एकतीस वर्षं
त्यांचे कान थोडे थोडे कापून घेतले,
पगारातून फंड कापावा तसे.

म्हणून हा दिवा. अंगठ्याएवढा, दुधी,
यूएसबीत खोचायचा.
लायब्ररी उतरवली, दोन ओळी लिहिल्या.
डिव्हाइस सापडलं नाही.
केबल बदलली. परवानगीची फाईल दुरुस्त केली.
पावणेबाराला तो एकदम लाल झाला
आणि मी "आला!" म्हणून ओरडले.
पलीकडच्या खोलीत कूस बदलल्याचाही आवाज नाही.

सकाळी दाखवलं: बेल वाजली की लाल,
फोन आला की हिरवा,
मला उशीर होणार असेल तर निळा.
दादांनी लालसमोर तळहात उभा धरला.
शॉपमधली खूण. थांबव.
"लाल म्हणजे कुणाचा तरी हात गेला,"
हे ते हळू म्हणाले असं त्यांना वाटलं;
खालच्या मजल्यावर कुकर घासणं थांबलं.

"गवती कर."

मी भुवया उचलल्या.
त्यांनी पेपरच्या कोऱ्या कडेला लिहिलं,
गवती दोनशे वीस, तपकिरी दोनशे साठ,
जांभळा दोनशे ऐंशी, निळा तीनशे.
पाणी दिलेलं पोलाद पुन्हा तापवताना
त्याच्या अंगावर चढत जाणारे रंग.
शेवटची आठ वर्षं ते भट्टीवर होते.
मीटर बिघडलं की
गायधनी फोरमनला बोलवायचे, बघायला.

माझ्याकडे रंग म्हणजे तीन आकडे,
शून्य ते दोनशे पंचावन्न.
दोनशे वीस, एकशे ऐंशी, नव्वद.
"फिका. दवाखाना वाटतो."
दोनशे पंचावन्न, नव्वद, शून्य.
"हा मिरवणुकीचा."
तर्जनी हवेत गोल: अजून.
चिमूट: थोडंच.
मी हिरवा एकेकानं चढवत गेले,
एकशे अडतीस, एकोणचाळीस,
ते खुर्चीतून पुढे सरकले,
चष्मा काढला,
दिव्याभोवती दोन्ही हातांचा आडोसा केला.

"काढ. आता काढ,
नाहीतर पुढे जाईल!"

मी सेव्ह केलं.

निळ्याचं विचारलं तर म्हणाले,
निळा धारेला चालत नाही, स्प्रिंगला चालतो.
मग जरा थांबून,
"तुझ्या उशिराला राहू दे तो."

त्रिमूर्ती चौकातून भाजी घेऊन आले आज
आणि किल्ली पर्समध्ये असताना
आमचीच बेल दाबली.
बाहेरून दिवा दिसत नाही.
ऐकू आल्या फक्त सपाता,
त्यांच्या त्यांना न ऐकू येणाऱ्या,
फरशीवरून घासत, घाईनं.
दार उघडलं. माझ्याकडे न बघताच,
अख्ख्या जिन्याला ऐकू जाईल असं,

"पाच डिग्री जास्त आहे."