शिसं

कुताइसीचं जुनं इस्पितळ, दुसरा मजला.
तिपायीवर अँटेना, दंडावर लॅपटॉप.
दर तीन पावलांना थांबून आकडा टिपतो.
उणे बावन्न. उणे साठ.
एक्स-रेच्या खोलीपाशी एकदम उणे अठ्ठ्याऐंशी:
भिंतीत शिसं आहे,
ती कुणाचंच ऐकत नाही.

नकाशावर हिरवा पसरत जातो
आणि बाराव्या खाटेवर करडा पडतो.
म्हणजे अँटेना इथेच हवी, दाराच्या वर.
छताला पेन्सिलीची फुली मारतो, तेवढ्यात
रात्रपाळीची त्सियाला म्हणते,
तिथे नको, नुगझार.

बाराव्या खाटेवर जुंबेर.
मांडीचं हाड जोडून तीन आठवडे झाले.
डॉक्टरांनी समजावलं, मुलगा ओरडला,
हा पाय जमिनीला लावेना.
बायको इटलीत, बारीला;
तिथल्या एका म्हाताऱ्याला न्हाऊ घालते,
हाताला धरून चालवते.
तिचा फोन लागतो तो फक्त जिन्याच्या खिडकीशी.
तेव्हा मात्र हा उठतो.
एकोणचाळीस पावलं, भिंत धरून.
गेल्या सोमवारी बावन्न लागली होती,
त्सियाला मोजते.

फुली पुसली.
सव्वादोन मीटर अलीकडे नवी मारली.
बाकीच्या खाटांना पुरेल.
अहवालात, कारणाच्या रकान्यात, एकच शब्द: शिसं.

तारा गुंडाळत होतो तेव्हा तो आलाच,
धापा टाकत, कपाळ काचेला टेकून.
स्वतःच्या पायाचं काही बोलला नाही.
म्हणाला,
तुझा म्हातारा जेवला का?