हसुरामचं काय झालं

ऐरोलीत, सेक्टर आठ, दुसरा मजला.
मंगळ, गुरू, शनी, दुपारची पाळी.
डावा हात मशीनला दिलेला, चार तास तो आपला नाही.
उजव्याने पान उलटायचं, अंगठ्याने दाबून ठेवायचं,
म्हणून जाड पुस्तक इथे चालत नाही
आणि नवं कोरं तर नाहीच, मिटत राहतं.

इथे कुणी कुणाला क्रिएटिनिन विचारत नाही.
कसं वाटतंय, असंही नाही. दिसतंच.
विचारायचं ते एवढंच:
सध्या काय वाचताय?

तुंगेकरांचा मुलगा परीक्षेचं काहीतरी वाचतो
आणि उत्तरं मागच्या पानावर आहेत
हे माहीत नसल्यासारखं करतो.
प्रधानबाई पाककृती वाचतात, टोमॅटोचं सार, पालकाची भजी,
जे जे डॉक्टरांनी बंद केलंय ते सगळं, चवीने.
मी सांगायचे, प्रवासवर्णन.
खरं तर तीन आठवडे मी पान एकेचाळीसवर होते.
बोट अजून धक्क्यालाच.

वैतींकडे मात्र रशियन कादंबरी.
माणूस दिवे गावचा, जन्म मिठागरात गेलेला.
पुस्तक जड होतं म्हणून त्यांनी सुरीने तीन भाग केले
आणि प्रत्येक भाग जाळ्याच्या दोऱ्याने शिवला.
"नावं ध्यानात राहीनात, मग आपलीच ठेवली."
थोरला भाऊ तो हसुराम, धाकटा गोमा,
जनरलची बायको पदीबाई,
आणि राजधानी म्हणजे ठाणं.
"काल हसुरामने कर्ज काढून घोडा घेतला," ते सांगायचे,
"घोडा! भायेर गुडघाभर बर्फ."
पलीकडून प्रधानबाई, डोळे मिटूनच:
"मेला सुधारायचा नाही."

गणपती झाले आणि वैतींची पाळी बदलली. सकाळची.
आम्ही यायच्या आत ते गेलेले.
एक दिवस लिंटा सिस्टरने दुसरा भाग माझ्या मांडीवर ठेवला.
डोळे. साखरेने मागचा पडदा धरलाय.
ओळ पकडली की विरघळते, मिठासारखी,
असं त्यांनीच सांगायला सांगितलं होतं.

पुस्तकभर शिसपेन्सिल.
प्रत्येक लांबलचक नावाच्या डोक्यावर बारीक अक्षरात
हसु. गोमा. पदी.
दोनशे बाराव्या पानापर्यंत.
दोनशे तेरावर सगळे एकदम रशियन झाले
आणि मला कुणीच ओळखीचं वाटेना.

पेन्सिल मागून घेतली.
आता जाताना सिस्टरला रोज एक वाक्य देते.
ती कोट्टयमची, डबल ड्युटीवाली,
पुढच्या पाळीला सकाळी वैतींना पोचवते,
आधी वजन, मग प्रेशर, मग हे:
"हसुराम घरी आला. घोडा नाय आला."
उलट निरोप येतो, पदीबाईला कळलं का?
बाकी ते काही विचारत नाहीत. मीही नाही.

परवा एक नवीन बाई आली, पान दोनशे एकेचाळीस.
स्टेशनमास्तरची विधवा, तोंडाने फटकळ,
आल्या आल्या चहा गार म्हणून सगळ्यांना झापलं.
हिला काय नाव ठेवू, विचारून पाठवलं.
शनिवारी वजनाच्या चिठ्ठीमागे उत्तर आलं,
सिस्टरच्या गोल गोल अक्षरात:
कुम्मुद.
म्हणजे मी. एक म जास्तीचा.

लिहिलं तिच्या डोक्यावर.
सुया लागल्या, हात गेला.
आणि मग, कधी करत नाही ते केलं,
एका अंगठ्याने जमतील तशी पुढची पानं चाळली
ती कुठवर आहे बघायला.
भाग संपतो तिथे ती दारात उभी, शाल शोधतेय.
पुढचा दोरा वैतींच्या घरी.

सिस्टरला म्हटलं, तिसरा भाग मागितलाय म्हणा.
घाई नाही, म्हणा.
ती वळली तेव्हा पुन्हा हाक मारली,
ते शेवटचं सांगू नका.