जात

साखर पेठेतून सायकलवर दशरथ बोद्धूल आले,
खिशात आलेखाच्या कागदाची घडी,
घडीवर दोन रबरबँड.
लेकाची बदली डोंगरात, रस्ते बांधायच्या खात्यात.
तिकडं आठ दिवस राहून आले.
गुडघे तिथंच ठेवून आलो, म्हणाले.

तीस वर्षं त्यांनी जकार्डचे पत्ते ठोकले,
भोकाभोकांतून चादरीवर मोर उतरवले,
द्राक्षांचे घड, एकदा तर निवडणुकीचं चिन्ह.
"पण हे डिझाइन," ते म्हणाले, "कुठं बगितलं न्हाई, मॅडम."

कॉलेजच्या वनस्पतिसंग्रहात दुपारी
पंख्याबरोबर डांबरगोळ्यांचा वास फिरतो.
माझ्या कपाटात जिल्ह्यातलं गवत आहे,
कुसळी, पवन्या, मारवेल,
नान्नजच्या माळावरचं जवळजवळ सगळं.
बर्फाजवळचं एकही पान नाही.

फूल वाळून चहाच्या चोथ्यासारखं.
मी ताटलीत गरम पाणी ओतलं, ते सोडलं,
आणि आम्ही दोघं वाकून बसलो
दूध उतू जायची वाट बघावी तसे.
तीन पाकळ्या खाली ओघळल्या.
तीन उभ्या राहिल्या.
"आयरिस," मी म्हणाले.
सोपं तेवढंच होतं.

किल्लीचं पुस्तक नुसते प्रश्न विचारतं.
खालच्या पाकळीवर दाढी आहे, की तुरा?
"फुलाला दाढी?"
दशरथ स्वतःच्या हनुवटीवरून हात फिरवत हसले.
भिंगाखाली केस होते
की त्यांच्या सदऱ्याचं सूत,
मला सांगता येईना.
कंद?
"मुळासकट कसं उपटायचं, ओ? एकलंच होतं."
नळीची लांबी? तुटलेली.
रंग?
"निळा." मग थांबले.
"निळा न्हाई. रंगवलेलं सूत तिसऱ्यांदा धुताना
हौदात पाणी जसं दिसतं ना, त्ये."
पुस्तकात तो रंग नव्हता.

मग त्यांनी घडीचा कागद उलटा केला.
मागे, शिसपेन्सिलीनं, चौकोन चौकोन भरून
अख्खं फूल.
दगडावर बसून मोजलेलं, रुंदीला बावीस घरं,
आणि पाकळीच्या मधोमध एक उभी रेघ,
दातेरी, फणीसारखी.
"हे काय?"
"होतं तसं काढलं. आपण मनाचं घालत न्हाई."
तुरा होता.
मी पुस्तकात एक पायरी पुढं गेले
आणि पुढच्या प्रश्नाला बी हवं होतं.

चिठ्ठी भरायला घेतली.
संग्राहक: द. बोद्धूल.
उंची: "दम लागतो तेवढी" म्हणाले, मी रिकामी सोडली.
जात:
"फुलालाबी विचारता व्हय?"
मी पेन ठेवलं, पेन्सिल घेतली.
अनिश्चित, असं लिहिलं, हलक्या हातानं,
पुढं कुणाला खोडता यावं म्हणून.

रस्त्यापलीकडे दोन रुपयांत झेरॉक्स निघाली.
मूळ कागदाच्या घडीत एक डाग होता,
नखाएवढा, फुलानं सोडलेला.
झेरॉक्समध्ये तो काळा आला.
दशरथनी काळा घेतला, मूळ माझ्याकडे सरकवला.
"ऱ्हाऊ द्या. मला पाठ हाय."