वालेंतीची बाजू

दुलई घ्यायची तर आधी तिच्यात मूठ रोवा.
मूठ काढा. थांबा.
खळगा भरून यायला किती श्वास लागतात, मोजा.
चारच्या आत भरला तर पीस जिवंत आहे.
मग कानाशी धरून चुरगळा:
करकर ऐकू आली तर देठ जास्त, लव कमी,
दुकानदार काहीही सांगो.
आणि वजनाला भुलू नका.
जड ते ऊबदार हा हिशेब लोकरीचा,
हंसाच्या पोटाचा नव्हे.

सानोकच्या चढावर, न्हाव्याच्या दुकानाला लागून,
माझा पिसं धुण्याचा कारखाना. कारखाना म्हणजे
एक पिंप, एक पंखा, आणि मी.
लोक दुलया आणतात दुखऱ्या दातासारख्या,
उशिरा, झोप उडाल्यावर.

गेनोवेफाबाई आल्या तेव्हा बर्फ घोट्यापर्यंत होतं.
दुलई घसरगाडीवर बांधलेली, दोराला तीन गाठी.
"दोघांची आहे. एकाची करून दे."
मी फीत लावली. लांबी, रुंदी.
उरलेल्या पिसांचं काय, विचारलं.
त्या बुटांवरचं विरघळणारं बर्फ बघत राहिल्या.
"मिसळू नकोस," म्हणाल्या. "डावीकडचं वालेंतीचं."

आता, जुन्या दुलईला कप्पे नसतात.
एकच पोट. पिसं त्यात चाळीस वर्षं हिंडतात,
पायथ्याकडून उशाकडे, या कुशीवरून त्या कुशीवर,
जो जास्त ओढेल त्याच्याकडे.
हे त्यांना सांगायला हवं होतं.
मी खडूने डावीकडे फुली मारली.

उसवायचं काम रात्री, खिडक्या लावून.
एक शिंक, की सगळं छताला.
डावीकडे, खालच्या अंगाला, नखाएवढं जळकं भोक
मासे धरायच्या दोरीने शिवलेलं,
टाके असे, जणू पोतं शिवतोय.
झोपून ओढली असणार सिगारेट, मग चोरून शिवलं असणार.
पण खोळ तर बाईच बदलत असतील.
म्हणजे त्यांना माहीत होतं.
म्हणजे हे माहीत असणंही त्यांनी
चाळीस वर्षं खोळीत घालून ठेवलं.

तोलून बघितलं: दोन किलो शंभर.
धुऊन, वाळवून, पुन्हा तोललं: दीड किलोला थोडं जास्त.
बाकी नुसती धूळ होती, दोघांची.
पिंपात घातल्यावर
डावं उजवं कोण विचारतो.

घेऊन जाताना नेहमीचं सांगितलं:
प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका, पीस गुदमरतं.
कडक थंडीच्या कोरड्या सकाळी तासभर बाहेर टांगा.
कधी धुतलीच, तर वाळवताना टेनिसचे दोन चेंडू टाका,
गाठी फुटतात. वरून कोरडी लागली तरी विश्वास ठेवू नका,
आत ओल राहिली तर आठवड्यात कुबट.
उरलेली पिसं कागदी पिशवीत दिली,
वर पेन्सिलीने लिहिलं: वालेंती.
खोटं होतं. अक्षर चांगलं काढलं.

जानेवारीत त्या परत आल्या.
दुलई काखेत, पिशवी हातात.
"झोप लागत नाही."
मी म्हटलं, पीस बसलं असेल, बघू.
मूठ रोवली. तीन श्वास. उत्तम.
"पीस नाही रे," म्हणाल्या,
"पाय उघडे पडत नाहीत.
रात्रभर जिथे ठेवावी तिथेच राहते,
कुणी ओढतच नाही."

मी म्हणालो, पण आता कापडच लहान आहे.
त्यांनी कोटाच्या बटणांमधून घडी बाहेर काढली:
दोघांच्या मापाचं कापड, घट्ट विणीचं,
पाण्यात भिजवून, इस्त्री करून आणलेलं.
"पिशवीतलंही घाल सगळं," म्हणाल्या,
"आणि या वेळी मिसळ."

पैसे दोन्ही वेळचे घेतले. धंदा आहे.
ते जळकं भोक असलेला तुकडा मात्र
मी फेकला नव्हता, खणात होता.
विचारावं की नाही, ठरेना.
शेवटी डावीकडे, आतल्या अंगाला,
शिवून टाकला. माझे टाके बारीक येतात.
मुद्दाम जाड घातले.