दाव्यांचं टेबल, ग्रँड आयल

कंपनी म्हणते, सिमेंट कंत्राटदाराचं.
कंत्राटदार म्हणतो, झडप तिसऱ्याची.
तिसऱ्याचा वकील नुसता घसा खाकरतो.

शाळेच्या जिममध्ये, बास्केटबॉलच्या जाळीखाली
माझं टेबल. नाव, बोटीचा नंबर, नुकसान.

ओव्हिड व्हर्डिन ओरडला नाही.
फॉर्मवर बरणी ठेवली त्यानं,
आत एकच कालव, तेलानं काळं.
"गेल्या वर्षी हे तुम्हाला
कच्चं खाऊ घातलं असतं," म्हणाला,
"लिंबू पिळून."

दाभोळची कालवं आठवली मला.
सांगितलं नाही.
नुकसानीच्या रकान्यात चवीला जागा नव्हती.
मागून कुणी बाटली भिरकावली,
मला लागली नाही.

रात्री परतताना पंपावर टाकी फुल्ल केली.
हात धुतले. वास घेतला,
पुन्हा धुतले.
शेजारच्या सीटवर बरणी,
पट्टा बांधून.