निव्वळ वजन

ट्रक काट्यावर चढला की
मी सरांना थांबवते.
सर निमूट थांबतात, तोंड उघडं, बोट हवेत,
"प्रमाण वि" एवढंच बोलून.
मी काच सरकवते, आकडा उतरवते,
छब्बीस हजार चारशे ऐंशी, ढोबळ.
ड्रायव्हर चलन घेऊन जातो.
तुरीचा भुसा कीबोर्डवर बसतो.
मग सर त्यांचं उरलेलं "चलन" उच्चारतात
आणि मला हसू येतं, एकटीलाच.

उदगीरच्या डाळ मिलचा हा वजनकाटा,
दुपारी दोन ते रात्री दहा.
स्क्रीनवर रोज तेच : "नमस्कार, महानंदा."
एवढ्या अदबीनं
नळेगाव रोडला मला कुणी हाक मारत नाही.

पहिल्या सत्रात मी सर दुप्पट वेगानं ऐकले.
चिमणीसारखे चिवचिवायचे बिचारे.
कधी त्यांना चालू ठेवून पोळ्या लाटल्या,
कधी उशीखाली बोलत राहिले ते रात्रभर.
हिरवी पट्टी भरत गेली, शंभर टक्के,
आणि निकाल आला :
संख्याशास्त्र, अठ्ठावीस.

घरात कुणी रागावलं नाही.
नवरा म्हणाला, "जाऊ दे की, कोन बघायलंय."
तेच लागलं.
खरंच कुणी बघत नव्हतं.
वर्गाबाहेर उभं करायला वर्ग नाही,
छडी नाही, घंटा नाही,
बाकावर शेजारी सरकून बसायला कुणी नाही.

नऊ वर्षं मी भरल्या गाडीतून रिकामी गाडी वजा करते.
त्या रात्री स्वतःला काट्यावर घेतलं.
ऐकलेले तास : एकशे दहा.
त्यातून पोळ्या वजा, झोप वजा,
मधेच बघितलेले साड्यांचे व्हिडिओ वजा.
उरलेला आकडा सांगत नाही.

मग वही केली,
बाद चिठ्ठ्यांच्या कोऱ्या पाठी, दाभणानं शिवून.
दोन गाड्यांमध्ये जेवढं मावेल तेवढंच.
एका संध्याकाळी फक्त एक ओळ मावली.
दुसऱ्या दिवशी तीच परत वाचली,
कळली नाही. तिसऱ्या दिवशीही.

बिदरचा बसवराज, गाडी खाली व्हायची वाट बघत,
खिडकीत कोपर टेकून म्हणाला,
"अक्का, हे काय बघायलाव रोज?"
मी म्हटलं, बघ,
तुझ्या पाच पोत्यांतली तूर काढली,
ओल सरासरी दहा.
शेजारच्या गाडीचीही दहाच.
पण तुझी सगळी पोती दहाच्या आसपास,
त्याचं एक सहा, एक चौदा.
सरासरी तीच, तरी शेठ कुणाला नाडणार?
तो हसला, "त्याला. त्याचा भरोसा नाही."
"मग तो भरोसा मोजायचा."

बोलले आणि थांबले,
सरांसारखी, तोंड उघडं ठेवून.
हे मला येत होतं?
बसवराज गेला चहाला,
मी चिठ्ठीच्या पाठीवर सूत्र लिहिलं, न बघता.

निलंग्याची शगुफ्ता माझ्यासाठी एक करडा गोल होती,
मधोमध "श".
रात्री अकराला तिचा मेसेज : "चौथा प्रश्न सुटला का?"
"नाही. तुला?"
"मलाबी नाही."
त्या "मलाबी"नं मला बाकावर जागा मिळाली.
पुढे रोज एकीनं दुसरीला उठवायचं ठरलं.
ती पहाटेची, मी रात्रीची,
मधल्या वेळात बहुतेक भांडण.

परीक्षेला लातूरला गेले तेव्हा
फाटकाशी एक बाई टिफिन धरून उभी.
उंच होती. गोलात उंची कळत नाही.
मी म्हटलं, "श?"
ती म्हणाली, "म?"

सत्तावन्न.
निकाल बघितला तेव्हा काट्यावर गाडी होती,
मागे तीन हॉर्न वाजत होते.
मी आकडा उतरवला, गाडीचा,
शिक्का मारला, काच लावली,
आणि सत्तावन्न परत एकदा बघितलं,
निव्वळ.

आता हिशेबतपासणीला नवीन मॅडम आहेत.
सावकाश बोलतात, चष्मा सारखा पुसतात.
आज पहिलाच धडा.
"विद्यार्थी मित्रहो, आपण आता"

थांबा मॅडम,
गाडी आली.