विषय क्रमांक सात

महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी
मेथडिस्ट चर्चच्या मागच्या खोलीत आम्ही नऊ जण जमतो.
यॉर्कशरचा किनारा, खिडकीवर खारं धुकं,
चहाची किटली, ओले कोट, आणि मी, कारकून,
इतिवृत्ताची निळी वही घेऊन.

विषय क्रमांक सात : धक्क्यावरची होडी.
अकरा वर्षं सातवाच.

अध्यक्ष मिस्टर फेअरबर्न म्हणतात, थॉर्नी इश्यू.
काटे खरे त्यांच्याच कुंपणाला,
दर ऑक्टोबरला ते हातमोजे घालून छाटतात
आणि वेळेवर जेवतात.
बँकेतून निवृत्त झालेले टेंपल्टन स्टिकी म्हणतात
आणि बोटं रुमालाला पुसतात.
कुणी व्हेक्स्ड. कुणी हेअरी, तिथे जरा हसू होतं.
गांडुळांचा डबा उघडायला नको, असंही एकदा ठरलं.
तेव्हा मागून जॉस स्टॉर, जाळी विणणारा :
"मी रोज पहाटे पाचला उघडतो.
नाहीतर कॉड काय तुमच्या ठरावाला लागतो?"

नॉटी म्हटलं (खोडकर नव्हे, गाठींचं) की तो आणखी चिडतो.
"गाठीची कसली अडचण?
निरगाठ बसली नाही तर जाळं कुठलं,
नुसता दोरा."
मी लिहिते : सदस्यांनी मते मांडली.

होडीचं नाव कुणी घेत नाही.
ती परत आली होती, एकटी.

मार्चमध्ये हेस्टर ऑक्स्टोबी आली.
हातातली पिशवी खाली न ठेवताच बोलली.
"काटे नाहीत तिला. मी हात लावून बघते रोज.
ओक आहे. खालून कुजलाय.
पाव आणायला जाताना मी डावीकडून जाते,
उजवीकडून एडविनची बसायची फळी दिसते.
हलवा म्हणत नाही. ठेवाही म्हणत नाही.
फक्त तिला इश्यू म्हणू नका."

किटली उकळून आपोआप बंद झाली.
थॉर्नी लिहून झालं होतं, ते मी खोडलं.
त्या जागी काही सुचेना.
अडलेल्या गोष्टीसाठी आमच्याकडे पंधरा-वीस शब्द आहेत,
सगळे हातमोजे.

शेवटी लिहिलं :
सात. एडविन ऑक्स्टोबी यांची होडी. पुढील सभेत.

दिवे मालवून बाहेर आले
तर जॉसने तिची पिशवी घेतली होती,
आणि दोघं धक्क्यावरून चालली होती,
हळू,
उजव्या बाजूने.